सांगितलं की विसरता यावं: गावातून दूरचं ऑफिस सांभाळायचं काम कसं सुरू करावं

वरूडचे एक संत्रा व्यापारी माझं काम त्यांच्या मेव्हण्याला समजावून सांगत होते. मी फोनवरच होते, त्यामुळे ऐकू आलं. ते म्हणाले, "ताईले सांगतलं का मी ते इसरून जातो." व्हर्च्युअल असिस्टंट म्हणजे काय, याचा इतका नेमका अर्थ मला तोवर कुणी सांगितला नव्हता. पूर्वी पेढीवर मुनीमजी असत. मालकाला कुणाचं येणं, कुणाचं देणं, कधी कुठे जायचं, हे लक्षात ठेवावं लागत नसे, कारण ते मुनीमजींच्या डोक्यात असे. आपण करतो ती तीच मुनीमकी, फक्त घरून आणि दुरून. मालक अमरावतीत असो, पुण्यात असो की लंडनला.

मी वरूड तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी राहते. बी.कॉम. झालं, एमएस-सीआयटी झालं, मराठी टायपिंग ३० आणि ४० झालं, लग्न झालं आणि तीन वर्षं हे सगळे कागद ट्रंकेत पडून राहिले. आज माझ्याकडे चार कायमचे ग्राहक आहेत. गावातल्या पोरी येऊन विचारतात, "ताई, कसं सुरू करू?" प्रत्येकीला अर्धवट सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढते.

आधी काम ठरवा, कंप्युटर नंतर

"मी सगळं करते" असं सांगणाऱ्या बाईला कुणी काम देत नाही. समोरच्याला कळतच नाही की नेमकं काय सोपवायचं. म्हणून दोन-तीन कामं पक्की निवडा. भेटीच्या वेळा ठरवणं आणि आठवण करणं. ईमेल रोज चाळून, महत्त्वाचे वेगळे काढून, साध्या पत्रांना उत्तर देणं. बिलं, पावत्या शीटमध्ये चढवणं. प्रवासाची तिकिटं. व्हॉट्सॲप बिझनेसवर येणाऱ्या चौकश्यांना उत्तरं. दुकानाच्या पेजवर आठवड्याला दोन पोस्ट, कॅनव्हा या चित्रं-पोस्टर बनवायच्या ॲपवर तयार केलेल्या. ज्या कामात तुमचा हात बसलेला आहे तिथून सुरुवात करा.

बचत गटाची वही पाच वर्षं सांभाळली असेल तर हिशेब हे तुमचं काम आहे. तो अनुभव सांगताना संकोच करू नका. दहा बायकांचे पैसे, व्याज, हप्ते, एकही रुपया न चुकता, हे मोठ्या कंपनीतल्या माणसालाही चटकन जमत नाही.

नुसतं टायपिंग किंवा नुसती डेटा एंट्री विकू नका. ते काम आता यंत्रं झपाट्याने करायला लागली आहेत आणि त्याचा दर पडतच जाणार. विकायचं ते ध्यान, म्हणजे समोरच्याच्या कामाकडे दिलेलं लक्ष. अमरावतीच्या एका दंतवैद्यांचे फोन मी करते. रूट कॅनॉलचे पेशंट पहिल्या बैठकीनंतर ठणका थांबला की परत येत नाहीत, ही त्यांची अडचण होती. आधीचा मुलगा सकाळी अकराला फोन लावायचा. खेड्यातला माणूस अकराला वावरात असतो, कापूस वेचणीच्या दिवसांत तर बायकासुद्धा. मी संध्याकाळी सातनंतर फोन करते आणि एसटीची वेळ बघून भेट देते. वरूडहून येणाऱ्या पेशंटला सकाळी साडेनऊची वेळ देऊन उपयोग नाही. हे पुण्या-मुंबईतल्या मुलीला सुचलं नसतं. आपलं गाव ओळखणं हीसुद्धा विद्या आहे, तिचे पैसे मागा.

टायपिंगबद्दल एक गोष्ट. आपल्याकडच्या इन्स्टिट्यूटमध्ये बऱ्याच जणी रेमिंग्टन पद्धतीने आणि जुन्या फॉन्टवर शिकल्या आहेत. त्या फॉन्टमधला मजकूर ईमेलमध्ये किंवा व्हॉट्सॲपवर टाकला की चिन्हांची रांग दिसते. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर जसंच्या तसं दिसतं त्या पद्धतीत, लिहायची सवय करा. विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट नावाचा युनिकोड कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त सेटिंगमध्ये जाऊन सुरू करावा लागतो. बोटं वळायला महिना लागतो, मग आयुष्यभराची सोय.

वीज आणि नेट

यावर जरा जास्त लिहिते, कारण गावातल्या मुलीचं काम हुशारी कमी पडली म्हणून कमी वेळा जातं, लाइन गेली म्हणून जास्त.

लॅपटॉप घ्या, डेस्कटॉप नको. जुना चालेल, पण ८ जीबी रॅम आणि एसएसडी (वेगवान डिस्क) असलेला, आणि बॅटरी निदान तीन तास टिकणारी. नवी बॅटरी बसवून घ्यायला लागली तरी घ्या. वीज गेल्यावर लॅपटॉप चालू राहतो, बंद पडतो तो राउटर. राउटरला फार थोडी वीज लागते. त्याच्यासाठी १२ व्होल्टचा छोटा मिनी यूपीएस मिळतो, हजार-पंधराशे रुपयांत. राउटर किती व्होल्टचा आहे ते त्याच्या ॲडॅप्टरवर छापलेलं असतं, ते बघूनच घ्या. घरात इन्व्हर्टर असेल तर उत्तमच, पण तो घेण्यासाठी काम सुरू करायचं थांबवू नका. मी पहिली दीड वर्षं मिनी यूपीएसवर काढली.

गावात फायबर आलं असेल तर ते घ्या. सोबत दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, कारण फायबर तुटलं की दुरुस्तीला माणूस तालुक्याहून येतो. कोणत्या कंपनीची रेंज घराच्या कोणत्या कोपऱ्यात येते, हे दुपारी आणि रात्री दोन्ही वेळा तपासा. संध्याकाळी आठ ते दहा सगळं गाव मोबाइल बघतं, तेव्हा वेग पडतो. व्हिडिओ चालू ठेवून तासभर बैठक केली तर अर्ध्या ते दीड जीबीपर्यंत डेटा जातो. मोबाइल डेटावर असाल तेव्हा नमस्कार झाला की कॅमेरा बंद करायची परवानगी मागून घ्या. कुणी नाही म्हणत नाही.

मे-जूनमध्ये वादळं येतात आणि गावठाणाचा फीडर, म्हणजे गावाला वीज देणारी लाइनसुद्धा, दोन-दोन दिवस बंद राहतो. त्या काळासाठी मी सगळ्या ग्राहकांना आधीच लिहून ठेवते: "पावसाळ्याच्या तोंडावर आमच्याकडे वीज जाऊ शकते. गेली तर तासाभरात फोनवरून कळवीन आणि तातडीचं काम वरूडला जाऊन करीन." वरूडला माझी मावसबहीण राहते, तिच्याकडे बसायची सोय आहे. तुमचीही अशी एक जागा ठरवून ठेवा. आधी सांगितलेली अडचण ग्राहक समजून घेतो. नंतर सांगितलेली अडचण त्याला सबब वाटते.

काम मिळवण्यासाठी पैसे द्यायचे नाहीत

हे मी प्रत्येक पोरीला हात धरून सांगते. "घरबसल्या फॉर्म भरा, महिन्याला २५ हजार" अशी जाहिरात येते. नोंदणीचे दोन-अडीच हजार मागतात. मग करार पाठवतात, त्यात ९८ टक्के अचूकता हवी असं बारीक अक्षरात असतं. आठ-दहा दिवस रात्रंदिवस काम करून दिलं की "तुमचं काम नापास झालं" म्हणतात आणि वर दंड मागतात. मग कुणी वकील म्हणून फोन करतो, नोटीस येईल, घरी पोलिस येतील म्हणतो. आमच्या नात्यातल्या एका मुलीने घाबरून कानातले गहाण ठेवले होते, घरी न सांगता. तिचा काडीचा दोष नव्हता. ती रडत माझ्याकडे आली तेव्हा पैसे जाऊन महिना उलटला होता.

असा फोन आला तर एक रुपया देऊ नका, घरच्यांना लगेच सांगा, मेसेज आणि पावत्या पुसू नका. पैसे गेले असतील तर १९३० या नंबरवर ताबडतोब फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी रक्कम मध्येच थांबवता येण्याची आशा जास्त. ऑनलाइन तक्रारीसाठी केंद्र सरकारचं सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन हे पोर्टल आहे.

याहून वाईट प्रकार म्हणजे "तुमच्या खात्यात पैसे येतील, तुम्ही पुढे पाठवा, कमिशन ठेवा." ते पैसे कुणाकडून तरी लुबाडलेले असतात. खातं गोठतं आणि चौकशी तुमच्या दारात येते. म्हणून ग्राहक कितीही ओळखीचा असो, त्याचे पैसे माझ्या खात्यातून फिरणार नाहीत, हा माझा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे. मी कुणाला किती द्यायचे याची यादी तयार करून देते. बटण त्यांनीच दाबायचं.

पहिला ग्राहक जवळचाच शोधा

अपवर्क, फायव्हरसारख्या ऑनलाइन कामं मिळतात अशा साइटवर खातं जरूर उघडा, पण पहिलं काम तिथून मिळेल म्हणून वाट बघत बसू नका. तिथे जगभरची माणसं रांगेत आहेत आणि तुमच्या नावापुढे अजून एकही शेरा नाही. जवळ बघा. कृषी सेवा केंद्र, दवाखाना, कोचिंग क्लास, संत्र्याचा व्यापारी, मंगल कार्यालय. ज्यांचा फोन दिवसभर वाजतो आणि उचलायला माणूस नसतो ते सगळे.

माझे पहिले ग्राहक ते संत्रा व्यापारीच. आंबिया बहाराच्या संत्र्याच्या तोडीचे दिवस होते. ते आमच्या शेजारच्यांची बाग बघायला आले होते आणि खिशातून चिठ्ठ्या काढून इसार कुणाला किती दिला ते शोधत होते. मी म्हटलं, "भाऊ, या चिठ्ठ्यांचे फोटो मला पाठवा, उद्या सकाळी सगळं एका कागदावर देते." रात्री गूगल शीटमध्ये तक्ता केला: शेतकऱ्याचं नाव, गाव, झाडं, ठरलेला भाव, इसार, बाकी, तोडीची तारीख, मजुरांची कोणती टोळी. सकाळी त्यांच्या मोबाइलवर पाठवला. पैसे मागितले नाहीत. चौथ्या दिवशी त्यांचाच फोन आला.

फुकट काम एवढंच करायचं, एक संध्याकाळ. त्यानंतर म्हणायचं, "पुढचे १५ दिवस करून बघू, एवढे पैसे होतील." पंधरा दिवसांचं चाचणीचं काम दोघांच्याही सोयीचं असतं. जमलं नाही तर कुणाचं मन न दुखावता थांबता येतं.

बहाराच्या कामाला हंगाम असतो. आंबियाची तोड साधारण ऑक्टोबर ते डिसेंबर, मृग बहाराची फेब्रुवारी-मार्चच्या आसपास. मधल्या महिन्यांत हा ग्राहक जवळजवळ शांत असतो. म्हणून दुसरा ग्राहक बारमाही असेल असा बघा. मला दंतवैद्य मिळाले ते या व्यापाऱ्यांच्याच शब्दावर.

काम करायची रीत

सकाळी एक मेसेज, संध्याकाळी एक मेसेज. सकाळी: आज मी हे तीन करते, तुमच्याकडून हे एक हवं आहे. संध्याकाळी: हे झालं, हे अडलं, अमुक कारणाने. रोज. काही झालं नसलं तरी. यातूनच समोरचा माणूस विसरायला शिकतो.

काम सांगितलं की आपल्या शब्दांत उलट लिहून पाठवा. "म्हणजे शुक्रवारपर्यंत बारा जणांना फोन, आणि जे येणार नाहीत त्यांची वेगळी यादी, बरोबर?" अर्धे घोळ इथेच मिटतात. मी एकदा हे केलं नाही. एकाच गावातले, एकाच नावा-आडनावाचे दोन शेतकरी होते, तोडीचा निरोप दुसऱ्यालाच गेला. टोळी बागेत पोचली तेव्हा मालक नागपूरला होता. त्या दिवसाची मजुरी मी माझ्या बिलातून कापून दिली. तेव्हापासून माझ्या प्रत्येक यादीत नावापुढे वडिलांचं नाव आणि मोबाइलचे शेवटचे चार आकडे असतात.

प्रत्येक ग्राहकाची एक वही ठेवा, कागदाची किंवा गूगल डॉकमध्ये. त्यांची कामं कशी करायची ते पायऱ्या-पायऱ्यांनी त्यात लिहा. कुणाला "सर" म्हणायचं, कुणाला "काकाजी", कोणत्या पेशंटला ऐकू कमी येतं, हेसुद्धा.

पासवर्ड व्हॉट्सॲपवर घ्यायचे नाहीत. जीमेलमध्ये मालकाने आपल्याला प्रतिनिधी म्हणून जोडायची सोय आहे, त्यात पासवर्ड न देता मेल बघता आणि लिहिता येतो. कॅलेंडर आणि शीट शेअर करता येतात. फेसबुक पेजवर वेगळी परवानगी देता येते. जिथे पासवर्ड लागतोच तिथे बिटवॉर्डनसारखं पासवर्ड ठेवायचं साधन वापरा. बँकेचा पासवर्ड आणि ओटीपी कुणी आपणहून दिला तरी घेऊ नका. मी सरळ लिहिते, "हे मला पाठवू नका, मी पुसून टाकते आहे." आणि दवाखान्याचे किंवा हिशेबाचे कागद कोणत्याही एआयच्या साधनात टाकू नका. इंग्रजी पत्राचा मसुदा सुधारायला मी ते वापरते, पण नावं, नंबर, आजार काढून. पेशंटने डॉक्टरला सांगितलेलं दुखणं तिसरीकडे जाता कामा नये, आमच्या घरातसुद्धा नाही.

दर, बिल, कागद

"तुम्हीच द्या काय ते" असं कधी म्हणू नका. माझी आकडेमोड सांगते. मला महिन्याला १२,००० रुपये हातात हवे होते. नेट, दोन रिचार्ज, वीज आणि पुढच्या लॅपटॉपसाठी बाजूला टाकायचे मिळून २,५०० खर्च. रोज चार तास, महिन्याचे २५ दिवस, म्हणजे १०० तास. पण त्यातले ३५ तास नवं काम शोधण्यात, शिकण्यात, बिलं करण्यात जातात. उरले ६५. साडेचौदा हजारांना ६५ ने भागलं की तासाला २२३ येतात. मी २२५ सांगितले. दर असा काढला असेल तर सांगताना आवाज कापत नाही, कारण तो हवेतून आलेला नसतो.

महिन्याचे तास ठरवून अर्धे पैसे आधी घ्या. एका पानावर लिहा: काम कोणतं, तास किती, जास्त लागले तर काय, पैसे कोणत्या तारखेला, थांबायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं, माहिती गुप्त राहील. ईमेलवर "मान्य" असं उत्तर घ्या. ओळखीच्या माणसाबरोबर तर नक्कीच, कारण तिथे नंतर तोंडाने मागणं जास्त कठीण जातं.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंद, करून घ्या. आधार आणि पॅनवर होते, केंद्र सरकारच्या पोर्टलवर, आणि पूर्ण मोफत आहे. सरकारी वाटणाऱ्या नावांच्या साइट पैसे मागतात, त्यांना देऊ नका. या नोंदणीचा खरा उपयोग पैसे अडकल्यावर कळतो. २००६ च्या एमएसएमई, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांच्या, कायद्यानुसार सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज लागतं, आणि सरकारच्या पोर्टलवर तक्रार करता येते. बिलावर मी उद्यम नंबर छापते. एका कंपनीने तीन महिने थकवलेलं बिल हा नियम नम्रपणे लिहून पाठवल्यावर आठवड्यात आलं.

सेवेच्या व्यवसायात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही, परराज्यातला ग्राहक असला तरी. नोंदणी नसताना बिलात जीएसटी लावू मात्र नका. कंपनी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच आयकर, कापत असेल तर पॅन नीट द्या आणि विवरणपत्र भरा, नाहीतर परत मिळण्यासारखे पैसे तिथेच राहतात. लॅपटॉपसाठी कर्ज लागलं तर मुद्रा योजनेत शिशू गटात ५०,००० रुपयांपर्यंत मिळू शकतं, तारण न ठेवता.

परदेशी ग्राहक आणि घड्याळ

लंडनला राहणाऱ्या, मूळच्या अकोल्याच्या एक बाई योगाचे वर्ग घेतात. त्यांचं वेळापत्रक मी बघते. आपल्या घरच्या दिनक्रमाला इंग्लंडची वेळ चांगली जुळते: तिथे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे हिवाळ्यात दुपारचे अडीच, उन्हाळ्यात दीड. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपली संध्याकाळ साडेसहा किंवा साडेसात, मग रात्र जाते. लहान मूल असेल तर आधी इंग्लंडकडेच बघा.

त्यांची घड्याळं वर्षातून दोनदा बदलतात, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. अमेरिकेची तारीख वेगळी असते. मार्च संपता संपता मी एका बैठकीला तासभर उशिरा पोचले, कारण वेळ माझ्या घड्याळाने लिहून ठेवली होती. आता कॅलेंडरमध्ये प्रत्येक भेट ग्राहकाच्या शहराच्या वेळेने टाकते, रूपांतर ते आपोआप करतं.

पैसे पेपालने किंवा थेट बँकेत येतात. भारतात पेपालमध्ये शिल्लक ठेवता येत नाही, रक्कम बँक खात्यात वळती होते. कटौती किती जाते ते पहिल्या बिलाआधी बघून दरात धरा. परदेशातून रक्कम आल्याचा दाखला बँकेकडून किंवा सेवेकडून घेऊन जपून ठेवा.

घर

सुरुवातीला सासूबाई म्हणायच्या, "दिवसभर त्या डब्ब्यासमोर काय करून राह्यली वं?" त्यांना राग नव्हता, त्यांना दिसतच नव्हतं काय चाललंय ते. मी त्यांना शेजारी बसवलं आणि एका म्हातारीला दवाखान्याची आठवण देणारा फोन त्यांच्यासमोर केला. म्हातारी म्हणाली, "बरं झालं सांगतलं माय, मी इसरलीच होती." तेव्हापासून माझ्या फोनच्या वेळी टीव्हीचा आवाज त्या स्वतः कमी करतात. घरच्यांना समजावताना कमाईचा आकडा सांगण्याआधी काम दाखवा.

वेळही बांधून घ्या आणि भिंतीवर लावा. माझे दुपारी एक ते चार आणि संध्याकाळी सात ते आठ. उन्हाळ्यात पारा ४५ च्या पुढे गेला की पत्र्याच्या खोलीत लॅपटॉपही तापतो आणि माणूसही, तेव्हा मी पहाटे पाच ते आठ बसते आणि ग्राहकांना तसं एप्रिलमध्येच कळवते.

एक जोडीदारीण तयार करा. गेल्या वर्षी मला डेंगी झाला, अकरा दिवस उठता येत नव्हतं. जावेच्या मुलीने माझ्या ग्राहकांच्या त्या वह्या उघडल्या आणि पायऱ्या वाचत वाचत दंतवैद्यांचे सगळे फोन केले. चौथ्या दिवशी डॉक्टरांनी तिला विचारलं, "ताई बऱ्या आहेत ना?" पेशंट मात्र एकही चुकला नव्हता. त्या अकरा दिवसांचे पैसे मी तिला दिले आणि आता संध्याकाळच्या तासाला तीही सोबत असते.